चढवणं वेगळं, सुटणं वेगळं : यीस्टमधल्या डीएनए-प्रतिकृतीवर खानदेशातून आलेले प्रश्न

मागच्या अंकात बेकरीच्या यीस्टवर एक टिपण होतं. त्यात एकच वाक्य ओझरतं आलं होतं, की पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते आणि ती नक्कल कधी सुरू करायची हे काही प्रथिनं ठरवतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांचा सगळा रोख त्या एका वाक्यावर आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : उन्हाळ्यात आमचं पावाचं पीठ झटकन फुगतं. यीस्टची पेशी दीड तासात एकाची दोन होते असं तुम्ही लिहिलंत. तेवढ्या वेळात आतला सगळा डीएनए कसा काय उतरवून होतो? (एक बेकरीवाले, धुळे)

आधी एक दुरुस्ती. पीठ फुगतं ते मुख्यतः वायूमुळे. तास-दीड तासाच्या त्या मुदतीत पिठातल्या पेशींची संख्या फारशी वाढत नाही. आहेत त्याच पेशी साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात. दीड तासात दुप्पट हा हिशेब प्रयोगशाळेतल्या भरपूर अन्नाच्या, ३० अंशांवर हलत्या ठेवलेल्या द्रवातला आहे.

आता डीएनए. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी म्हणजे आपलं पावाचं यीस्ट. त्याच्या एका संचात १६ गुणसूत्रं आणि सुमारे १ कोटी २० लाख बेसजोड्या असतात. सगळ्यात लांब डीएनए-अनुक्रमाचं चौथं गुणसूत्र साधारण १५ लाख ३० हजार जोड्यांचं आहे. नक्कल करणारं यंत्र मिनिटाला दीड ते दोन हजार जोड्या पुढे सरकतं. हे काम गुणसूत्राच्या मधोमध एकाच जागी सुरू झालं आणि दोन्ही बाजूंना धावलं, तर चौथं गुणसूत्र संपायला साडेसहा ते साडेआठ तास लागतील. पेशीला तेवढा वेळ नसतो.

म्हणून सुरुवात अनेक ठिकाणी होते. यीस्टच्या जीनोममध्ये अशा जागा सुमारे ४०० आहेत. त्यांना ओरिजिन किंवा आरंभस्थान म्हणतात. सरासरी ३० हजार जोड्यांमागे एक, म्हणजे प्रत्येक बाजूला १५ हजारच धावायचं. सगळ्या जागा एकदम सुरू झाल्या तर दहा मिनिटांत काम उरकेल. तशा त्या होत नाहीत. गुणसूत्रबिंदूजवळच्या लवकर, टोकांजवळच्या उशिरा, आणि काही तर त्या खेपेला सुरूच होत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात अर्धा तास धरून चालावं.

प्रश्न : बारावीला शिकवताना आम्ही सांगतो, ‘आरंभस्थानाला एक प्रथिन जोडलं जातं आणि ते डीएनएचे दोन धागे सोडवतं.’ यीस्टमध्ये ते प्रथिन कोणतं? ओआरसी का? (जीवशास्त्राच्या शिक्षिका, अमळनेर)

नाही, आणि नेमक्या याच जागी बरीच क्रमिक पुस्तकं घसरतात. तुम्ही सांगता ते वाक्य जीवाणूंचं आहे. ई. कोलायमध्ये डीएनए-ए नावाचं प्रथिन आरंभस्थानी जमतं, तिथले धागे खरोखरच सुटे करतं, आणि मग सुट्या धाग्यावर हेलिकेज, म्हणजे पुढे सरकत धागे उलगडत जाणारं प्रथिन-यंत्र, चढवलं जातं. तेच चित्र उचलून यीस्टवर डकवलं जातं, नावं तेवढी बदलून. यीस्टमध्ये क्रम उलटा आहे: हेलिकेज आधी, तेही बंद दुपदरी डीएनएवर, आणि धागे सुटतात ते बरंच नंतर.

ओआरसी ही सहा प्रथिनांची जुळणी आहे, ओआरसी-१ ते ओआरसी-६. स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांनी १९९२ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत ती ओळखली. ज्या जागी ती बसते त्या जागा मात्र १९७९ पासून माहीत होत्या. डीएनएचा एखादा तुकडा वर्तुळाकार प्लाझ्मिडमध्ये घालून यीस्टमध्ये सोडायचा; प्लाझ्मिड पिढ्यानपिढ्या टिकलं तर त्या तुकड्यात स्वतःची नक्कल सुरू करण्याची ताकद आहे. अशा तुकड्यांना एआरएस म्हणतात. त्यांच्या गाभ्यात ११ अक्षरांचा एक ठसा असतो: पहिलं ए किंवा टी, मग टी-टी-टी-ए, मग टी किंवा सी, मग ए किंवा जी, पुन्हा टी-टी-टी, शेवटी ए किंवा टी. ओआरसी हा ठसा ओळखते. पण नुसता ठसा पुरत नाही. जुळणारे तुकडे जीनोममध्ये प्रत्यक्ष आरंभस्थानांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शेजारी पूरक अक्षरं लागतात आणि ती जागा हिस्टोनच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या) गुंडाळीतून मोकळीही असावी लागते.

ओआरसी बसली की सीडीसी-६ तिच्याशी येऊन मिळतं. दोघांनी एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन, धरलेलं असतं आणि दोघं मिळून डीएनएभोवती कडं पुरं करतात. मग सीडीटी-१ हे प्रथिन एमसीएम २-७ ला घेऊन येतं. एमसीएम २-७ म्हणजे सहा प्रथिनांची अंगठी, आणि हीच पुढे हेलिकेजचं इंजिन होणार आहे. अंगठीत एमसीएम-२ आणि एमसीएम-५ यांच्यामध्ये फट असते. डीएनए त्या फटीतून आत शिरतो, एटीपीचं विघटन होतं, फट मिटते. त्यानंतर दुसरी अंगठी पहिलीच्या समोर, तोंडाला तोंड लावून बसते. या जोडीला दुहेरी षटक म्हणतात. तिच्या पोटातून जाणारा डीएनए अजून दुपदरीच आहे. एकही जोडी सुटलेली नाही.

अंगठी ‘येऊन टेकली’ आणि अंगठी ‘चढली’ यांतला फरक प्रयोगात कसा ओळखायचा, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. शुद्ध केलेली प्रथिनं आणि चुंबकी मण्यांना चिकटवलेला डीएनए एकत्र ठेवतात आणि मग सुमारे अर्धा मोलर मिठाच्या पाण्यानं धुतात. ओआरसी, सीडीसी-६ आणि सीडीटी-१ वाहून जातात. चढलेली अंगठी डीएनएला नुसती चिकटलेली नसते, त्यात ओवलेली असते. म्हणून ती धुऊन जात नाही. एटीपीऐवजी ज्याचं सहज विघटन होत नाही असं त्याचं नकली रूप घातलं, तर अंगठी टेकते पण चढत नाही, आणि मिठात निघून जाते. हे काम २००९ साली दोन गटांनी शुद्ध प्रथिनांवर करून दाखवलं.

तेव्हा फळ्यावर असं लिहिलं तर चालेल: ‘यीस्टमध्ये ओआरसी, सीडीसी-६ आणि सीडीटी-१ मिळून बंद डीएनएवर एमसीएमच्या दोन अंगठ्या चढवतात. धागे सुटतात ते पुढच्या टप्प्यात.’ ओआरसी तर काम झाल्यावरही तिथेच बसून असते. ती दिसली म्हणजे नक्कल सुरू झाली, असं धरू नये.

प्रश्न : भुसावळ यार्डात नोकरी झाली. तुमचं टिपण वाचून वाटलं, हे तर मालगाडीसारखं आहे: आधी भरणी, मग सिग्नल. माझी उपमा बरोबर आहे का? आणि एकदा सुटलेल्या जागेवरून त्याच फेरीत दुसरी गाडी का सुटत नाही? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उपमा निम्मी चोख आहे, आणि जिथे ती मोडते तिथेच खरी गंमत आहे.

भरणी म्हणजे वर सांगितलेलं अंगठ्या चढवणं. ते पेशीविभाजनाच्या अखेरीपासून जी-१ अवस्था, म्हणजे नक्कल सुरू होण्याआधीचा टप्पा, संपेपर्यंत होतं. सिग्नल दोन कायनेज देतात. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन. पहिलं डीडीके, त्यात सीडीसी-७ आणि डीबीएफ-४ असे दोन भाग. दुसरं एस-सीडीके (पुढे नुसतं सीडीके), म्हणजे सीडीसी-२८ आणि त्याच्यासोबत क्लब-५ किंवा क्लब-६ हे सायक्लिन, म्हणजे कायनेजला कामाला लावणारं जोडीदार प्रथिन.

डीडीके एमसीएम-४ आणि एमसीएम-६ यांच्या लोंबत्या शेपटांवर फॉस्फेट लावतं. तिथे एसएलडी-३ आणि एसएलडी-७ येतात आणि त्यांच्यासोबत सीडीसी-४५. सीडीके अंगठीला नव्हे, एसएलडी-२ आणि एसएलडी-३ यांना फॉस्फेट लावतं. त्या फॉस्फेटना डीपीबी-११ हे प्रथिन दोन हातांनी पकडतं: एका टोकानं एसएलडी-३, दुसऱ्या टोकानं एसएलडी-२. या पकडीतून जिन्स नावाची चार प्रथिनांची चौकडी आणि नवा धागा जुळवणारं पॉलिमरेज एप्सिलॉन अंगठीपर्यंत पोहोचतात. सीडीसी-४५, एमसीएम आणि जिन्स मिळून चालतं हेलिकेज होतं. त्याला सीएमजी म्हणतात. शेवटी एमसीएम-१० आलं की दोन्ही इंजिनं एकमेकांपासून सुटतात. प्रत्येक अंगठी एकेक धागा बाहेर ढकलते आणि एकच धागा पोटात ठेवते. मग दोन्ही इंजिनं एकमेकांना ओलांडून विरुद्ध दिशांना निघतात. डीएनए उघडतो तो इथे. जॉन डिफ्ले यांच्या गटानं २०१५ साली शुद्ध केलेले १६ घटक एकत्र करून ही सगळी सुरुवात नळीत घडवून दाखवली.

सीडीकेचं खरं काम एवढंच, हे कशावरून? एसएलडी-३ आणि डीपीबी-११ यांची कायमची सांगड घालून दिली, आणि एसएलडी-२ वर फॉस्फेट असल्याचा भास होईल असा बदल केला, तर हा टप्पा सीडीकेविना पार पडतो. २००७ साली दोन गटांनी ते दाखवलं.

आता तुमच्या उपमेचं कुठे बिनसतं ते पाहा. यार्डात हिरवा सिग्नल दिल्यावरही भरणीची क्रेन जागेवरच असते. कुणी हलगर्जीपणा केला तर पुन्हा भरणी होऊ शकते. पेशीत हिरवा कंदील दाखवणाराच क्रेनचं इंजिन काढून नेतो. सीडीके जागं झालं की ते ओआरसी-२ आणि ओआरसी-६ वर फॉस्फेट लावून ओआरसीला अंगठ्या चढवण्याच्या कामातून बाद करतं. सीडीसी-६ वर फॉस्फेट लावून त्याला प्रथिनांच्या भंगारात, म्हणजे प्रोटिआसोमकडे पाठवतं. अजून न चढलेल्या एमसीएम आणि सीडीटी-१ यांना केंद्रकाबाहेर काढतं. तीन कुलुपं, किल्ली एकाकडेच. २००१ साली ही तिन्ही एकदम मोडून पाहिली तेव्हा डीएनएची दुबार नक्कल ठळक दिसली. तीही अर्धवटच झाली आणि पेशींना घातकच ठरली.

म्हणून नियम असा: सीडीके कमी असताना चढवता येतं पण सोडता येत नाही; जास्त असताना सोडता येतं पण चढवता येत नाही. जी-१ मध्ये सीडीके खाली कसं राहतं? सिक-१ नावाचं प्रथिन त्याला दाबून धरतं. पेशी पुरेशी वाढली, अन्न पुरेसं असलं, की क्लन-१ आणि क्लन-२ हे सायक्लिन सीडीसी-२८ ला जोडीला घेऊन सिक-१ वर फॉस्फेटमागून फॉस्फेट लावतात, सिक-१ नष्ट होतं आणि एस-सीडीके एकदम मोकळं होतं. डीबीएफ-४ सुद्धा जी-१ च्या बहुतेक काळात नष्ट केलं जात असतं. ते अखेरीस साचतं.

आणखी एक. भरलेली प्रत्येक गाडी सुटत नाही. एसएलडी-२, एसएलडी-३, डीपीबी-११, डीबीएफ-४ ही मंडळी मोजकीच असतात. आधी सुटलेल्या आरंभस्थानांकडून ती मोकळी झाली की पुढच्यांना मिळतात. लवकर-उशिराचं एक कारण हे. शेजारून आलेलं यंत्र न सुटलेल्या अंगठ्यांना वाटेतून हटवून पुढे जातं.

प्रश्न : एमसीएम, सीडीसी, एसएलडी, जिन्स ही नावं पाठच होत नाहीत. त्यांना काही अर्थ आहे का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, पाचोरा)

अर्थ आहे, पण तो प्रथिन काय करतं याचा नसून ते कसं सापडलं याचा आहे. सीडीसी म्हणजे पेशीविभाजन-चक्र. लेलँड हार्टवेल यांनी गोळा केलेल्या म्युटंटचे हे क्रमांक, आणि त्या कामाला २००१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एमसीएम ही ‘छोटं गुणसूत्र टिकवता न येणाऱ्या’ म्युटंटची नावं. एसएलडी ही डीपीबी-११ च्या दोषासोबत आली की पेशी मारणारी. जिन्समध्ये एसएलडी-५, पीएसएफ-१, पीएसएफ-२ आणि पीएसएफ-३ आहेत. जपानीत पाच-एक-दोन-तीन म्हणजे गो-इची-नी-सान. त्याची आद्याक्षरं घेतली. हे एकदा कळलं की जिन्स तरी विसरायला होत नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बाजारातलं कोरडं यीस्ट घेतलं, अल्फा-फॅक्टर घालून जी-१ मध्ये थांबवायचा प्रयत्न केला. तीन वेळा करून एकदाही थांबलं नाही. फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीतला डीएनए मोजणाऱ्या यंत्रात) एकपट आणि दुप्पट डीएनएच्या दोन शिखरांऐवजी पसरट डोंगर आला. काय चुकलं? (सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, जळगाव)

दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली यीस्टच्या निवडीत. अल्फा-फॅक्टर हा १३ अमिनो आम्लांचा संप्रेरक-तुकडा आहे, आणि त्याला दाद देते ती फक्त ‘ए’ जातीची एकसंची पेशी. बेकरीचं यीस्ट बहुधा द्विसंची किंवा त्याहून जास्त संचांचं असतं. त्यात दोन्ही जाती एकत्र असल्यानं ते अल्फा-फॅक्टरकडे ढुंकूनही पाहत नाही. तीसदा केलंत तरी थांबणार नाही. प्रयोगशाळेतला एकसंची ‘ए’ जातीचा वाण मागवा, आणि शक्यतो बार-१ हे जनुक काढलेला. बार-१ चं प्रथिन अल्फा-फॅक्टर तोडून टाकतं. बार-१ शाबूत असेल तर मिलिलिटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम लागतात आणि तासाभरानं पुन्हा घालावं लागतं. काढलेलं असेल तर ५० नॅनोग्रॅम पुरतात. फरक शंभर-दोनशे पटींचा, आणि खर्चातही तेवढाच.

कृती अशी. वायपीडी माध्यम: लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम. रात्रभर ३० अंशांवर वाढवलेलं कल्चर सकाळी पातळ करा आणि मिलिलिटरला ५० लाख ते १ कोटी पेशी होईपर्यंत वाढू द्या. दाट कल्चरमध्ये अल्फा-फॅक्टर घालणं ही सर्रास होणारी चूक आहे. पेशी जास्त असल्या की बार-१ ही जास्त. अल्फा-फॅक्टर घातल्यावर दीड तासानं थेंब काचपट्टीवर घेऊन ४० च्या वस्तुभिंगाखाली २०० पेशी मोजा. ९० टक्क्यांवर पेशी बिनमुकुलाच्या (मुकुल म्हणजे पेशीच्या अंगावर फुटणारी नवी पेशी) आणि एका बाजूला चोच काढलेल्या, नासपतीच्या आकाराच्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर आणखी अर्धा तास थांबा. तीन तासांपलीकडे नेऊ नका, पेशी फुगत जातात आणि पुढचं वेळापत्रक बिघडतं.

सोडताना पेशी खाली बसवून ताज्या वायपीडीनं दोनदा धुवा आणि मिलिलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रोनेज असलेल्या, आधीच ३० अंशांवर आणलेल्या वायपीडीत टाका. प्रोनेज उरलासुरला अल्फा-फॅक्टर खातं. थंड माध्यमात टाकल्या तर पहिली पंधरा-वीस मिनिटं वाया जातात आणि पेशी एकसाथ निघत नाहीत. दर १० मिनिटांनी १ मिलिलिटर नमुना काढा. नक्कल साधारण २० ते ३० मिनिटांनी सुरू होते आणि तासाच्या आत संपत आलेली असते.

दुसरी चूक रंगवण्यात. पसरट डोंगर बहुतेक वेळा आरएनएमुळे येतो. यीस्टमध्ये डीएनएच्या कितीतरी पट आरएनए असतं आणि प्रोपिडियम आयोडाइड हा रंग दोघांनाही चिकटतो. नमुना ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये ४ अंशांवर रात्रभर ठेवा. मग ५० मिलिमोलर सोडियम सायट्रेटमध्ये घेऊन मिलिलिटरला पाव मिलिग्रॅम आरएनेज-ए, ५० अंशांवर तासभर. मग प्रोटिनेज-के, आणखी तासभर. रंग सायटॉक्स ग्रीन, १ ते २ मायक्रोमोलर. शेवटी काही सेकंद सोनिकेटर, नाहीतर चिकटलेल्या दोन पेशी यंत्राला एकच, दुप्पट डीएनएची पेशी वाटतात. तुलनेला न थांबवलेल्या कल्चरचा एक नमुना नेहमी ठेवा. त्याची दोन शिखरं सुबक आली नाहीत तर बाकीचं वाचूच नका. अल्फा-फॅक्टरमध्ये थांबलेल्या पेशींचं पहिलं शिखर हळूहळू उजवीकडे सरकतं. ती नक्कल नव्हे. पेशी मोठी होते आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए वाढत राहतो.

हातात बाजारचंच यीस्ट असेल तर प्रकल्प बदला. वायपीडीत दोन दिवस ठेवून अन्न संपू द्या, मग वीसपट पातळ करून ताज्या वायपीडीत ३० अंशांवर हलवत ठेवा. दर १५ मिनिटांनी ९०० मायक्रोलिटर नमुना १०० मायक्रोलिटर फॉर्मालिनमध्ये घ्या आणि मुकुल असलेल्या पेशींचं प्रमाण मोजा. पहिले दीड-दोन तास फारसं दिसणार नाही, मग आलेख चढतो. दुसऱ्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटरला १.५२ ग्रॅम हायड्रॉक्सियुरिया घाला, म्हणजे २०० मिलिमोलर होईल (हातमोजे घालूनच). त्यात पेशी मुकुल काढतात पण डीएनएचे सुटे घटक तुटवड्यात गेल्यानं नक्कल पुढे सरकत नाही, आणि मोठ्या मुकुलांच्या पेशी साचत जातात. मुकुल दिसणं म्हणजे नक्कल पुरी होणं नव्हे, हे त्यातून उघड होतं. इथे आणखी एक गोष्ट घडते: अडकलेल्या यंत्रांमुळे रॅड-५३ हे कायनेज जागं होतं आणि एसएलडी-३ व डीबीएफ-४ वर फॉस्फेट लावून उशिराची आरंभस्थानं रोखून धरतं.

प्रश्न : आमच्याकडे सीडीसी-७ चा तापमान-संवेदी म्युटंट आहे. एप्रिल-मेमध्ये तो सारखा मरतो, हिवाळ्यात ठीक असतो. वाण बिघडला का? (महाविद्यालयीन प्रयोगशाळा-साहाय्यक, शिरपूर)

वाण बहुधा ठीक आहे, खोलीच बिघडली आहे. अशा म्युटंटला वाढायला २३ ते २५ अंश लागतात आणि ३७ ला त्याचं सीडीसी-७ निकामी होतं. परदेशी कृतींत ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ती खोली तिकडची. तापीकाठी मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश सहज होतात आणि पंख्याखालचं बाकही दुपारी ३७ गाठतं. तुमची ‘खोली’ म्हणजेच त्यांचं मारक तापमान. थंडही करू शकणारा बीओडी इनक्युबेटर लागेल; नुसतं तापवणारं साधं इनक्युबेटर उन्हाळ्यात काही कामाचं नाही. वीज गेली तर काही तासांत आतलं तापमान चढतं, म्हणून प्लेटशेजारी कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा. मूळ साठा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला.

प्रयोगात ३७ ला नेताना मूळ वाणही सोबत न्या. त्याची वाढ ३७ ला नीट झाली पाहिजे. म्युटंटमध्ये मोठं मुकुल, एकच न दुभंगलेलं केंद्रक आणि एकपट डीएनए दिसेल: अंगठ्या चढलेल्या आहेत, डीडीके नसल्यानं सुटत नाहीत. सीडीसी-६ काढून घेतलं तर चित्र वेगळं आणि जास्त वाईट. तिथे अंगठ्याच चढत नाहीत, यंत्रं सुरूच होत नाहीत, म्हणून अडकल्याची धोक्याची घंटाही वाजत नाही. पेशी नक्कल न केलेली गुणसूत्रं तशीच दोन बाजूंना ओढू लागते.

प्रश्न : माणसातही हेच का? कर्करोगाशी याचा संबंध आहे का? (वाचक, चाळीसगाव)

बहुतेक भाग तेच आहेत: ओआरसी, सीडीसी-६, सीडीटी-१, एमसीएम, डीडीके, सीडीके. मात्र माणसात ११ अक्षरांसारखा ठरलेला ठसा नाही, आणि सीडीटी-१ ला रोखायला जेमिनिन नावाचं वेगळं प्रथिन आहे. यीस्टमध्ये ते नाही. ओआरसी-१, ओआरसी-४, ओआरसी-६, सीडीटी-१ किंवा सीडीसी-६ यांच्या जनुकांत दोष असेल तर मायर-गॉर्लिन सिंड्रोम होतो: उंची फार कमी, कान लहान, गुडघ्याची वाटी लहान किंवा नसलेलीच. २०११ साली हा संबंध उघड झाला. सीडीसी-७ ला रोखणारी रसायनं कर्करोगावर तपासली जात आहेत. हायड्रॉक्सियुरिया तर काही रक्तविकारांत आणि सिकलसेलमध्ये औषध म्हणून दिलं जातं. सातपुड्यातल्या वाचकांना ते नाव ओळखीचं असेल. त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

प्रश्न : मोहाच्या फुलांचा सडवा काही दिवसांनी उकळायचा थांबतो. तेव्हा त्यातलं यीस्ट मेलेलं असतं की नक्कल थांबलेली असते? (शिक्षक, धडगाव)

दोन्ही थोडंथोडं. सडव्यात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी सापडतं, पण सोबत इतर यीस्ट आणि जीवाणूही असतात. साखर संपत आली किंवा मद्य वाढलं की पेशी सिक-१ च्या कुलुपापाशीच थांबतात: क्लन सायक्लिन पुरेसे बनत नाहीत, सीडीके जागं होत नाही. गाळाचा थेंब ०.०१ टक्के मिथिलीन ब्लूसोबत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर निळ्या पेशी मेलेल्या, बिनरंगी जिवंत. जिवंतांपैकी बहुतेक बिनमुकुलाच्या दिसतील. तोच गाळ धुऊन ताज्या वायपीडीत टाकला, तर काही तासांत त्यातल्या बऱ्याचजणी मुकुल काढू लागतात.